कुस्त-ए-हिंदी : एका मुळाची तीन नावे

अत्तराच्या दुकानात, टोप्या-तसबीह-मिस्वाक विकणाऱ्या गाडीवर आणि मोबाइलवरच्या जाहिरातींत अलीकडे एक पाकीट हमखास दिसते. वर 'कुस्त-ए-शीरीं' किंवा 'कुस्त-उल-हिंदी' असे नाव, खाली 'तिब्ब-ए-नबवी'चा शिक्का आणि आत पिवळसर-तपकिरी पूड. कलौंजी, मध आणि अजवा खजुराच्या रांगेत आता हे चौथे नाव बसले आहे. रमजानच्या आसपास मागणी आणखी वाढते. घेणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना वाटते की ही वस्तू अरबस्तानातून येते, कारण पाकिटावर खजुराचे झाड आणि उंटाचे चित्र असते. नाव मात्र उघडच सांगते की ती हिंदी आहे. ती आपल्याच देशातल्या काश्मीरच्या डोंगरांतली आहे, आणि तिथे ती संपत चालली आहे.

मी उर्दू आणि मराठी अशा दोन्ही भाषा शिकवतो. त्यामुळे औषधाकडे वळण्याआधी शब्दाकडे लक्ष जाते. या मुळाचे संस्कृत नाव 'कुष्ठ'. त्यावरून हिंदी-काश्मिरीत 'कुठ' झाले. हाच शब्द व्यापाऱ्यांबरोबर पश्चिमेला गेला आणि ग्रीकांचा 'कोस्तोस', रोमनांचा 'कोस्तस' झाला. अरबीत तो 'कुस्त' म्हणून स्थिरावला. पुढे अरबी-फारसी वैद्यक हिंदुस्थानात आले तेव्हा 'कुस्त' हा शब्दही सोबत परत आला. म्हणजे घरातून 'कुष्ठ' म्हणून निघालेला मुलगा हजारभर वर्षांनी 'कुस्त' होऊन घरी आला, तेव्हा घरात त्याचा भाऊ 'कुठ' बसलेलाच होता. मुंबईच्या बाजारात याच मुळाला 'उपलेट' म्हणत, तेही नाव जुन्या काष्ठौषधीच्या दुकानांत अजून चालते. मराठी मुलांपुढे 'कुष्ठ' म्हटले की त्यांना फक्त रोग आठवतो. त्वचारोगाचे नाव आणि त्यावर वापरल्या जाणाऱ्या मुळाचे नाव संस्कृतात एकच आहे.

या मुळाचा सर्वांत जुना उल्लेख अथर्ववेदात आहे. तिथे कुष्ठाला उद्देशून स्वतंत्र सूक्ते आहेत. ते हिमवंताच्या उत्तरेला, डोंगरांवर जन्मते, तिथून पूर्वेकडच्या लोकांपर्यंत आणले जाते आणि 'तक्मन्' नावाच्या तापाला पळवून लावते, असे त्यांचे सांगणे. हा तक्मन् थंडी वाजून येणारा, दिवसाआड येणारा ताप आहे. वर्णन वाचले की आजच्या वाचकाला मलेरिया आठवल्याशिवाय राहत नाही. मला यात महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या मैदानी माणसालाही हे ठाऊक होते की ही वस्तू आपल्या अंगणातली नाही, ती वरून, दूरच्या डोंगरातून आणावी लागते. म्हणजे कुष्ठ तेव्हापासूनच व्यापाराची वस्तू होती.

तो व्यापार किती दूरवर गेला होता याचा पुरावा दगडावर कोरलेला आहे. इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकात सेल्यूकस राजाने आशिया मायनरमधल्या मिलेटस शहराच्या अपोलो देवळाला काही वस्तू अर्पण केल्या. त्यांच्या यादीत धूप दहा टॅलंट आहे, पण कोस्तस फक्त दोन मिना. एका टॅलंटमध्ये साठ मिना भरत. म्हणजे धूप पोत्याने आणि कोस्तस पुडीने. एवढी दुर्मिळ वस्तू राजाच्या नजराण्यात शोभून दिसत होती.

पहिल्या शतकातला 'पेरिप्लस' हा ग्रीक भाषेतला खलाशी-व्यापाऱ्यांचा मार्गदर्शक ग्रंथ आपल्याला जवळचा आहे, कारण त्यात पैठण आणि तेर ही आपली गावे येतात. सिंधूच्या मुखावरच्या बार्बारिकम बंदरातून कोस्तस बाहेर जातो आणि भडोचमधूनही जातो, असे हा ग्रंथ सांगतो. पैठणचे अकीक आणि तेरचे कापड बैलगाड्यांतून ज्या भडोचला पोचत होते, त्याच धक्क्यावर उत्तरेच्या डोंगरातून उतरलेली जटामांसी, गुग्गुळ आणि कुठ जहाजात चढत होती. सातवाहन काळातल्या एखाद्या मराठवाडी गाडीवानाने हा वास नक्की घेतला असेल, असे म्हणायला मला तरी हरकत वाटत नाही. वासही विलक्षण आहे. ताजे मूळ फुलासारखे दरवळते आणि जुने झाले की ओल्या केसांसारखा वास देते.

अरब आणि यमनी व्यापारी या समुद्री वाटेवरचे मुख्य दुवे होते. त्यामुळे रोमन लोकांना अनेकदा वाटे की हा माल अरबस्तानातच पिकतो. ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस याने कोस्तसचे अरबी, हिंदी आणि सीरियन असे प्रकार केले आणि पांढऱ्या 'अरबी' प्रकाराला पहिला नंबर दिला. अरबी वैद्यकात पुढे 'कुस्त-ए-बहरी' म्हणजे सागरी, पांढरा व गोड, आणि 'कुस्त-ए-हिंदी' म्हणजे काळा व कडू, असे भेद रूढ झाले. बहरी म्हणजे समुद्रात उगवणारा नव्हे. समुद्रमार्गे आलेला, हा अर्थच इथे जुळतो. आज पाकिटांवर 'समुद्री कुस्त' असे भाषांतर करून शिंपल्याचे चित्र छापणाऱ्यांनी एवढे तरी पाहावे.

सातव्या शतकातल्या मदिनेत ही वस्तू घराघरात परिचित होती, हे हदीसवरून दिसते. उम्मे कैस बिन्त मिहसन (र.) या सहाबी महिला आपल्या लहान मुलाला घेऊन आल्या होत्या. त्याचा घसा सुजला होता आणि त्या काळच्या पद्धतीप्रमाणे बोटाने घसा दाबून उपचार केला गेला होता. प्रेषित मुहंमद (स.) यांनी मुलांना असा त्रास देण्याला नापसंती दाखवली आणि त्याऐवजी 'ऊद-ए-हिंदी' म्हणजे हेच मूळ वापरायला सांगितले. त्यात सात आजारांवर उपाय आहे, घशासाठी नाकात थेंब सोडावे, बरगडीच्या दुखण्यात तोंडाच्या कडेने द्यावे, असा त्या कथनाचा आशय आहे. ही नोंद बुखारी शरीफमध्ये 'तिब्ब'च्या भागात आहे. आजचे जाहिरातदार यातला 'सात आजार' एवढाच भाग उचलतात. मुलाच्या घशात बोट घालून त्याला रडवू नका, हा यातला मायेचा भाग पाकिटावर कधी छापलेला दिसत नाही.

इमाम बुखारी (निधन इ.स. ८७०) यांची त्याच ठिकाणची एक बारीक नोंद भाषेच्या शिक्षकाला फार आवडते. कुस्त हा शब्द मोठ्या 'क़ाफ'ने आणि छोट्या 'काफ'ने, दोन्ही तऱ्हांनी लिहितात, जसे काफूर आणि क़ाफूर, असे ते सांगतात. परक्या भाषेतून आलेल्या शब्दाचे असेच होते. कोणते अक्षर वापरायचे यावर एकमत होत नाही. 'कापूर'ही पूर्वेकडूनच अरबीत गेलेला, हे लक्षात घेतले म्हणजे उदाहरण किती नेमके निवडले आहे ते कळते.

या हदीसवर आपल्या जुन्या विद्वानांनी डोळे मिटून मान डोलावली, असा कोणाचा समज असेल तर तो बरोबर नाही. सात आजार म्हटले आणि नावे दोनच आली, यावर भाष्यकारांनी चर्चा केली आहे. कुस्त उष्ण आहे, मग दाहाच्या आजारात ते कसे चालेल, हा वैद्यांचा आक्षेपही त्यांनी नोंदवला आणि त्याला उत्तर दिले. दमिश्कचे इब्न कय्यिम (निधन १३५०) यांनी नबवी उपचारांवर सविस्तर लिहिले व त्यांची वैद्यकाशी सांगड घातली. उलट, त्याच शतकात इब्न खलदून यांनी 'मुकद्दमा'त लिहिले की हदीसमधले उपचार हे त्या काळच्या अरबांच्या अनुभवाचे वैद्यक आहे, प्रेषित शरीअत शिकवायला आले होते, वैद्यक शिकवायला नव्हे. मात्र श्रद्धेने घेतले तर त्यात बरकत आहे, हेही ते मान्य करतात. दोघेही मोठे, दोघांचीही पुस्तके मदरशांत वाचली जातात. माझा कल इब्न खलदून यांच्याकडे आहे. पण कोणाचे काही असो, सहाशे वर्षांपूर्वी ज्या प्रश्नावर मोकळेपणी वाद होत होता तो आज व्हॉट्सअपवर विचारला की माणसाच्या ईमानवरच शंका घेतात, ही आपली प्रगती म्हणायची का?

औषध म्हणून या मुळाचा वापर मात्र फार विस्तृत आहे. युनानीत 'रोगन-ए-कुस्त' हे तेल लकवा आणि सांधेदुखीत चोळायला देतात. केरळच्या आयुर्वेदात कोट्टम म्हणजे कुष्ठ आणि चुक्कू म्हणजे सुंठ यांचे 'कोट्टमचुक्कादि' तेल घराघरात असते. दमा, खोकला, पोटातला वात, जंत यांवर हकीम आणि वैद्य दोघेही ते देत आले. चिनी वैद्यकात पोटाच्या तक्रारींवर ते 'मू श्यांग' या नावाने चालते. तिबेटी अमचींच्या पेटीतही ते असते. काश्मीरमध्ये पश्मिना शालींना कसर लागू नये म्हणून शालींच्या घड्यांत कुठचे तुकडे ठेवत.

आधुनिक प्रयोगशाळेने या मुळातून कॉस्ट्युनोलाइड आणि डिहायड्रोकॉस्टस लॅक्टोन ही द्रव्ये वेगळी काढली आहेत. सूज कमी करणे, काही जंतूंना आणि पेशींना रोखणे असे त्यांचे परिणाम काचेच्या बशीत आणि उंदरांवर दिसले आहेत. माणसांवरच्या मोठ्या, नीट आखलेल्या चाचण्यांची मात्र वानवा आहे. त्यामुळे 'कर्करोगावर रामबाण' वगैरे लिहिणारा माणूस एकतर भोळा आहे किंवा विक्रेता. शिवाय हीच द्रव्ये कातडीला ॲलर्जी करतात. म्हणून तर या मुळाचे तेल जगभरच्या सुगंध उद्योगाने आपल्या नियमांत वापरासाठी बंद केले आहे. एके काळी उंची अत्तरांत पडणारा हा सुवास आता कृत्रिमरीत्या तयार करावा लागतो.

आता ज्या डोंगरावरून हे सारे उतरले तिकडे जाऊ. युरोपियन विद्वानांना प्राचीन 'कोस्तस' म्हणजे नेमके कोणते झाड याचा पत्ता शेकडो वर्षे लागला नव्हता. सहारनपूरच्या सरकारी बागेचे प्रमुख ह्यू फॉल्कनर यांनी काश्मीरमध्ये ते झाड पाहिले आणि १८४०च्या दशकात लिनियन सोसायटीपुढे मांडले. गव्हर्नर जनरल लॉर्ड ऑकलंड यांच्या नावावरून त्यांनी त्याला 'ऑकलँडिया कॉस्टस' म्हटले. पुढे ते सॉस्युरिया कुळात गेले, आणि अलीकडे काही शास्त्रज्ञांनी त्याला 'डोलोमिया'त हलवले आहे. शास्त्राच्या दप्तरातही या बिचाऱ्याला स्थिर पत्ता नाही. गंमत म्हणजे शास्त्रातले 'कॉस्टस' हे कुळाचे नाव भलत्याच झाडांना मिळाले आहे. आपल्या कोकणात आणि सह्याद्रीत पावसाळ्यात फुलणारे पांढऱ्या फुलांचे 'पेव' अनेक वर्षे त्याच कुळात गणले गेले. हळद-आल्याच्या गोतातल्या पेवाचे आणि सूर्यफुलाच्या गोतातल्या कुठचे काहीही नाते नाही.

कुठ समुद्रसपाटीपासून साधारण अडीच ते चार हजार मीटर उंचीवर, ओलसर उतारांवर वाढते. किशनगंगेचे खोरे, गुरेझ, किश्तवाड आणि चिनाबचा वरचा भाग ही त्याची मूळ घरे. माणसाएवढी किंवा त्याहून उंच दांडी, केळीच्या पानाची आठवण व्हावी अशी तळाची मोठी पाने, काटेरी बोंडांसारखी काळपट-जांभळी फुले. दरवर्षी बर्फात वरचा भाग मरतो आणि वसंतात मुळातून पुन्हा उगवतो. सारी किंमत त्या मुळात. आणि इथेच मेख आहे. हिरडा गोळा केला तर झाड उभे राहते, कडुनिंबाची पाने तोडली तर पुन्हा येतात. कुठ घ्यायचे म्हणजे झाड उपटायचे. बी पिकून जमिनीत पडायच्या आधीच कोणी कुदळ घातली तर ते झाड गेले आणि त्याची पुढची पिढीही गेली.

डोगरा महाराजांच्या राज्यात कुठ हे सरकारी मक्तेदारीचे उत्पन्न होते. माल कलकत्ता आणि मुंबईमार्गे चीनला जाई. तिथे देवळांतल्या उदबत्त्यांत तो जळत असे. डोंगरातल्या गुज्जर, बकरवाल आणि गुरेझच्या दर्द लोकांनी तो खणायचा, तिजोरी जम्मूत भरायची. चोरटा व्यापार वाढला तेव्हा दरबाराने विक्रम संवत १९७८ मध्ये, म्हणजे १९२१ च्या सुमारास, खास 'कुठ कायदा' केला. परवान्याशिवाय कुठ जवळ बाळगणे हाच गुन्हा ठरला. एकाच झाडासाठी एक अख्खा कायदा! हेतू झाड वाचवण्यापेक्षा महसूल वाचवण्याचा होता हे उघड आहे. तरी मक्तेदारीने कदाचित काही दशके या झाडाला उसंतही दिली असेल.

याच सुमारास, १९२०च्या दशकात, कुठचे बी रोहतांगपलीकडच्या लाहौल खोऱ्यात पोचले. वर्षातले कित्येक महिने बर्फाखाली असणाऱ्या त्या गरीब खोऱ्यात शेतकऱ्यांनी ते पीक म्हणून लावले आणि पाहता पाहता लाहौल श्रीमंत झाला. कुठ लागवडीने टिकू शकते याचा हा जिवंत पुरावा आहे आणि तो शंभर वर्षांचा आहे. पण ही सारी भरभराट एकाच गिऱ्हाइकावर उभी होती. १९४९ नंतर चीनची बाजारपेठ आटत गेली. भारतातून नेलेल्या बियाण्यावर युन्नान प्रांतात त्यांनी स्वतःचे पीक घेतले, आणि आज चिनी औषधपेठेत 'युन्नानचे मू श्यांग' हेच मुख्य नाव आहे. लाहौलचा शेतकरी बटाट्याकडे, मग वाटाणा-फ्लॉवरकडे वळला. मूळ तयार व्हायला दोन-तीन वर्षे लागतात. वाटाणा एका हंगामात पैसे देतो. त्याला दोष कसा द्यायचा?

जंगलातले कुठ मात्र खणले जातच राहिले. १९७५ मध्ये वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय करारात, म्हणजे साइट्समध्ये, ते दुसऱ्या परिशिष्टात आले. दहा वर्षांत, १९८५ मध्ये, त्याला पहिल्या परिशिष्टात हलवावे लागले. तिथे वाघ आणि गेंडा यांची नावे आहेत. १९९१ च्या दुरुस्तीनंतर आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या सहाव्या अनुसूचीत ज्या मोजक्या सहा वनस्पती व वनस्पतिगट आले त्यांत कुठ होते. जंगली कुठ खणणे, विकणे, बाळगणे बेकायदा आहे. लागवडीला आणि व्यापारालाही परवाना लागतो. आययूसीएनच्या यादीत त्याच्यापुढे 'अतिसंकटग्रस्त' असे लिहिले आहे. पण गुरेझच्या वरच्या कुरणांतून ताबारेषा जाते. तिथे वनरक्षकापेक्षा फौजी चौक्या जास्त आहेत, आणि झाडाचे मोजमाप कोणी करायचे हा प्रश्न दोन्ही बाजूंना तसाच पडून राहतो.

या परवान्यांचा एक उलटा परिणाम झाला. प्रामाणिकपणे शेतात कुठ लावणाऱ्यालाही कागदपत्रे, वनखात्याचे दाखले, निर्यातीचे प्रमाणपत्र यांच्या चकरा माराव्या लागतात. चोरटा माल कागदाशिवाय सरळ पंसाऱ्याकडे येतो आणि स्वस्तही पडतो. कायदा हवाच, पण शेतातल्या मुळाला जंगलातल्या मुळाइतकेच जड केले तर शेतकरी का लावेल?

मग पाकिटात नेमके काय असते? बऱ्याचदा कुठच्या जागी पुष्करमूळ असते. ते दिसायला सारखे, वासाला जवळचे आणि तेही हिमालयातलेच. भेसळीचा हा प्रकार जुना आहे आणि तुलनेने निरुपद्रवी. धोका दुसरीकडे आहे. चिनी बाजारात 'मू श्यांग' हे नाव वेगवेगळ्या मुळांना लागते. त्यांतले 'छिंग मू श्यांग' हे ॲरिस्टोलोकिया जातीच्या वेलाचे मूळ आहे. त्यातले आम्ल मूत्रपिंड कायमचे निकामी करते आणि कर्करोगालाही कारण होते. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन कमी करण्याच्या गोळ्यांत अशाच नावाच्या गोंधळातून हे आम्ल गेले आणि अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे गेली, ते प्रकरण वैद्यकाच्या पुस्तकांत नोंदलेले आहे. नावाची गफलत म्हणजे निव्वळ भाषेच्या शिक्षकाची चिंता नव्हे, ती अशी थेट रक्तात उतरते. पूड केलेल्या मालात मूळ कोणते हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. म्हणून लहान मुलाच्या नाकात पाकिटातली पूड सोडायच्या आधी बालरोगतज्ज्ञाला विचारावे. सूज, ताप आणि श्वासाचा त्रास असेल तर त्याला थेट दवाखान्यातच न्यावे. मुलाला त्रास होऊ नये हाच तर त्या हदीसचा गाभा होता.

एक फिकही प्रश्नही आहे, आणि तो मी जाणकार उलेमांपुढे ठेवतो. ज्या देशात आपण राहतो त्याचा कायदा मोडून, डोंगरावरच्या गरीब माणसाला चार पैसे देऊन, संपत आलेले झाड मुळासकट उपटून आणलेला माल 'सुन्नत' म्हणून विकणे जायज कसे? हंगामाआधी फळ विकू नये, मापात कमी देऊ नये, मालातला दोष लपवू नये यांवर आपल्या फिकहच्या ग्रंथांत पानेच्या पाने आहेत. कुस्तच्या व्यापारात यातल्या तिन्ही गोष्टी घडतात.

ज्याला हे मूळ हवेच असेल त्याने पुडीऐवजी अख्खे तुकडे मागावेत, आणि दुकानदाराला विचारावे की हा माल लागवडीचा आहे का, कोणत्या खोऱ्यातला आहे. उत्तर बहुधा येणार नाही. पण दहा गिऱ्हाइकांनी विचारले तर अकराव्या वेळी दुकानदार ठोक व्यापाऱ्याला विचारेल, आणि तो ठोक व्यापारी कदाचित लाहौल किंवा उत्तराखंडातल्या चमोलीच्या एखाद्या शेतकऱ्याला फोन करील. त्या दोन्ही भागांत अजून थोडी शेते आहेत. ऑक्टोबरमध्ये, बर्फ पडायच्या आधी, तिथे कुठ खणतात, आणि काही झाडे बियांसाठी मागे ठेवतात.